फॅन-आर्ट आणि कॉस्प्ले: गावातल्या कॉमिक-चित्रकाराने यात वेळ घालवावा का?

शाईसुई (धागाकर्ती)

आमच्या कॉमिक काढणाऱ्यांच्या गटात परवा एकाने लिहिलं की गावात बसून जपानी मालिकांमधली पात्रं रंगवणारे (फॅन-आर्ट) आणि त्या पात्रांसारखा वेश करायला फोमची चिलखतं चिकटवणारे (कॉस्प्ले) आपलं तारुण्य वाया घालवताहेत, त्यांनी स्वतःचं कॉमिक काढावं. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात राहते. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा स्वतःच्या कॉमिकची पानं. क्रिता नावाच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर काम करते. ते फुकट आहे आणि बिनस्क्रीनच्या साध्या पेन-टॅबलेटवर नीट चालतं. दुपारी वीज असेल तर ऑर्डरीची चित्रं, संध्याकाळी शिलाई मशीन. रात्री इंटरनेटवरच्या फॅन मंडळींमध्ये. मालिकेचा नवा भाग येतो त्याच रात्री चित्र टाकलं तर लोक बघतात, चार दिवसांनी त्याला कोणी विचारत नाही.

आता मुद्दा. वेश शिवायला लागले आणि माझ्या चित्रातला कपडा बदलला. आधी मी पाठीवरचा झगा काढायचे तो पत्र्यासारखा दिसायचा. एकदा सरळ कापून शिवला, एकदा उरेब, म्हणजे तिरपा, कापून शिवला, तेव्हा कळलं की उरेब कापड खांद्यावरून घरंगळतं आणि सरळ कापड उभ्या घड्या धरतं. चिलखताचंही तेच. खांद्याची पाटी अखंड केली तर हात वर होत नाही. दोन-तीन पाट्या एकावर एक सरकत्या ठेवाव्या लागतात, काखेत जागा सोडावी लागते. हे एकदा स्वतःच्या अंगावर घातलं की तलवार उगारलेला माणूस चित्रात कसा वळेल ते हाताला आपोआप कळतं. कुठल्याही चित्रकलेच्या वर्गात मला हे मिळालं नसतं, आणि तसा वर्ग आमच्या आसपास नाहीही.

आणि यातून पैसे येतात. परदेशातले लोक चित्रं काढून घेतात. ऑनलाइन पैसे पाठवायची सेवा देणाऱ्या पेपालने १ एप्रिल २०२१ पासून देशातल्या देशातले व्यवहार थांबवले, पण बाहेरून येणारे पैसे खात्यात येतात. घरात त्याला हातभार म्हणतात. गटातल्या माणसाने त्याला वेळ वाया घालवणं म्हणू नये.

धानबांधी

ताई, ते मीच लिहिलं होतं, आणि अजूनही म्हणतो. तुमच्या हाताबद्दल शंका नाही. तुमची चित्रं मी बघत आलोय, म्हणूनच जीव तुटतो.

ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत माणूस आणि वाघ यांचं काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला बाया जातात तेव्हा घरच्यांच्या जीवात जीव नसतो. धानाच्या रोवणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायांची रांग, तलावाच्या पाळीवरची गर्दी, मंडईच्या जत्रेची रात्र, हे कॉमिकमध्ये कोण काढणार? टोकियोतला चित्रकार काढणार नाही. मुंबई-पुण्याचा आला तरी दोन दिवस राहून जाईल. आणि ज्याला हे दिसतं, ज्याच्या हातात ताकद आहे, तो माणूस दुपार-संध्याकाळ-रात्र दुसऱ्याने शोधलेल्या पात्राचे केस रंगवतो. दिवसाचे तीन हिस्से त्यांना, एक हिस्सा आपल्या गोष्टीला. तोही सकाळी लग्न-बारसं निघालं की गेला.

तुम्ही स्वतःच लिहिलंय, भाग येतो त्या रात्री चित्र टाकावं लागतं. म्हणजे तुमच्या रात्रीचं वेळापत्रक जपानमधला स्टुडिओ ठरवतो.

वडसाकर_ड्रेपरी

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याचा आहो. आजोबापासून आमचा ड्रेपरीचा धंदा आहे जी, झाडीपट्टीच्या, म्हंजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकाले कपडे देतो. दिवाळी झाली का सीझन सुरू, होळीपर्यंत गाडी थांबत नाई. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, चारही जिल्ह्यांत कंपन्या फिरतेत. रात्री पडदा उघडला का पहाटपर्यंत खेळ चालते.

मले ताईचं शिवणं पटते, पण तुमी ज्याले वेश म्हणून राहिले त्याच्यावर माझं वेगळं म्हणणं आहे. आमचा राजाचा अंगरखा आज एका जाड्या नटाच्या अंगावर, उद्या सडपातळ पोट्ट्याच्या अंगावर. म्हणून आत कापड जास्तीचं सोडा लागते, बाजूले नाड्या लावा लागतेत. प्रवेश बदलला का मिनिटात उतरला पायजे, म्हणून हूक. घामानं भिजते, दवानं भिजते, पेटीत कोंबलं जाते, तरी पुढच्या गावात उभं राह्यलं पायजे. तुमचं चिलखत एक दिवस घालाचं, फोटो काढाचा अन् भिंतीले टांगाचं. मेहनत आहे, नाई म्हणत नाई. पण ज्या कपड्यात माणूस बोलत नाई, रडत नाई, मरून पडत नाई, त्याले मी वेश म्हणत नाई.

२०२३ ले गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री भेटली ती झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी. तवा आमच्या कामाकडे बाहेरच्यायचं लक्ष गेलं. नवीन पोट्टे शिवाले शिकतेत ते आमच्याकडे काहून येत नाई, हा माझा सवाल आहे.

कलम_५२

कोणीच कायद्याचं बोललं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रकृतीला कर्त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं संरक्षण आहे. कलम ५२ मध्ये रास्त वापराच्या सवलती आहेत: खाजगी वापर, टीका, समीक्षा वगैरे. दुसऱ्याचं पात्र काढून त्याची प्रिंट किंवा स्टिकर विकणं त्यात सहज बसत नाही. जपानमध्ये १९७५ पासून टोकियोत कॉमिकेट नावाचा मेळा भरतो, तिथे हौशी लोक स्वतः छापलेली पुस्तिका विकतात. त्यात स्वतंत्र गोष्टीही असतात आणि गाजलेल्या पात्रांवरच्याही. तिथले प्रकाशक बहुतेक वेळा कानाडोळा करतात. पण मालकाने कानाडोळा केला म्हणून आपला हक्क तयार होत नाही. ज्याच्यावर घर चालवायचं त्याचा पाया असा असू नये.

तान्हापोळा

माझ्या पोराच्या बाजूने दोन शब्द. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला आपण लाकडी बैलासोबत लेकरं नटवतो, कोणी शेतकरी, कोणी साईबाबा, कोणी सैनिक. सगळं गाव कौतुक करतं, बक्षीस देतं. तोच पोरगा सोळाव्या वर्षी जपानी योद्ध्याचा वेश करून अंगणात उभा राहिला तर लोक म्हणतात याला काही काम नाही. त्याने तो स्वतः मापं घेऊन, कापून, शिवून केलाय. आमच्या घरात मशीनवर बसणारा तो पहिला मुलगा. मला त्याचा अभिमान आहे.

शाईसुई

कलम_५२, तुमचं बरोबर आहे, आणि म्हणूनच मी प्रिंट, स्टिकर, बिल्ले विकत नाही. माझ्या बहुतेक ऑर्डरी लोकांच्या स्वतःच्या पात्रांच्या असतात. कोणी गोष्ट लिहितं, कोणी खेळासाठी पात्र रचतं, त्यांना ते दिसायला हवं असतं. पण ही माणसं माझ्यापर्यंत पोचतात ती माझी फॅन-आर्ट बघून. ती दुपार बंद केली तर सकाळही बंद पडेल, कारण टॅबलेटचा निब आणि इंटरनेटचं रिचार्ज त्या दुपारीच कमावते.

धानबांधी, तुम्ही लिहिलेली प्रत्येक गोष्ट काढण्यासारखी आहे. माझ्या कॉमिकमधली बाई मोहफुलंच वेचते. पण मी ती मांडायला घेतली तेव्हा तिच्या लुगड्याचा ओचा, डोक्यावरची टोपली, वाकल्यावर पाठीवर ताणलेला कपडा हे मला काढता येत होतं ते शिवणामुळे. तिच्या आजीला मी करवती काठाचं कोसा रेशमाचं लुगडं दिलंय. तो करवतीच्या दातांसारखा काठ चित्रात घडीबरोबर वळताना दाखवायला मला तेवढी हिंमत आधी नव्हती. आणि पान वाचणाऱ्याची नजर एका चौकटीतून दुसरीकडे कशी जाते, कुठे अडते, हे मला फॅन लोकांनीच सांगितलं. ओळखीचं पात्र असलं की ते मोकळेपणाने चुका काढतात. अनोळखी पात्रावर छान म्हणून पुढे जातात. शिकणाऱ्याला कोणतं बोलणं हवं?

रात्रीच्या वेळापत्रकाचं म्हणाल तर हो, ते त्यांच्या हातात आहे. मला ते चालतं. दिवसभर घरात एकटी काढत बसते, त्या रात्रीच्या दोन तासांत मला माझ्यासारखी माणसं भेटतात. माझ्या गावात कॉमिक वाचणारं दुसरं कोणी नाही.

फोमवाला

वाद चालू द्या, पण नवीन पोरांसाठी एक गोष्ट. फोम चिकटवायचा रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून, तो बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचा. आपल्याकडे मे महिन्यात तो हां हां म्हणता वाळतो, म्हणून थोडा थोडा भाग घ्या. उन्हाच्या भीतीने खोली बंद करून हे काम करू नका. त्याची वाफ डोक्यात जाते. दारं उघडी ठेवा, घासताना मास्क लावा. आणि ग्लू गनच्या गरम गोंदाचे जोड उन्हात उभ्या गाडीत सुटतात, तेव्हा चिलखत तिथे ठेवू नका.

धानबांधी

ताई, शेवटचं वाक्य वाचून मी थांबलो होतो. एकटेपणाचं मला कळतं. तरी माझं म्हणणं तसंच आहे. चुका काढणारे लोक हवेत तर ते आपल्या गोष्टीसाठी आपण तयार करायला हवेत, कितीही हळू होऊ दे. मोहफुलांची पानं इथे टाका. मी प्रत्येक चौकटीवर लिहीन, छान म्हणून पुढे जाणार नाही.

शाईसुई

टाकते. पण फॅन-आर्ट थांबवणार नाही.

वडसाकर_ड्रेपरी

फोमवाला भाऊ, आमचे मुकुट पुठ्ठ्याचे आहेत, घामानं कडेले नरम पडतेत. पाच मिलिमीटरचा फोम कपाळाले लागला तं पुरी रात्र टिकंल का? नटाले चार-पाच घंटे घालून बोला लागते, गाणं म्हणा लागते, हे ध्यानात घेऊन सांगा.