‘व्यावहारिक’ ईश्वरविज्ञान की ‘उपयोजित’?

मृदुला: एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय प्रॅक्टिकल थिऑलॉजी, ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सेवा करणाऱ्यांसाठी. थिऑलॉजीला ‘ईश्वरविज्ञान’ घेतलंय. ‘धर्मशास्त्र’ म्हटलं की मनुस्मृती आठवते. पण प्रॅक्टिकलचं काय करू? ‘व्यावहारिक’ माणूस म्हणजे आपल्याकडे हिशेबी माणूस.

शब्दवेडा: ‘उपयोजित’ घ्या, उपयोजित गणितासारखं. ‘प्रात्यक्षिक’ नको, त्याला प्रयोगशाळेचा वास येतो. आणि ‘व्यवहार्य’ तर मुळीच नको. बाकीचं ईश्वरविज्ञान जमण्यातलं नाही, असा अर्थ व्हायचा!

निवृत्त पाळक: ‘उपयोजित’ला माझी हरकत आहे. आधी सिद्धान्त पक्का, मग तो मंडळीत लावायचा, असा क्रम त्यात गृहीत धरलाय. जर्मन ईश्वरविज्ञानी श्लायरमाखरने 1811 मध्ये या शाखेला ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासाचा मुकुट म्हटलं खरं, पण पुढे बराच काळ ती उपदेश कसा करावा, मंडळी कशी चालवावी एवढ्यावरच अडकली. आता सुरुवातच प्रसंगापासून होते. रुग्णालयातल्या प्रशिक्षणात विद्यार्थी रुग्णाला भेटून येतो आणि संभाषण आठवून शब्दशः लिहितो: तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, कुठे दोघंही गप्प झालो. मग ते गटात वाचलं जातं. ‘देव माझ्यावर रागावलाय का?’ या प्रश्नावर आपण घाईघाईने बायबलमधलं वचन सांगून विषय बदलला, हे कागदावर लख्ख दिसतं. या शाखेचे अमेरिकन अभ्यासक रिचर्ड ऑस्मर यांनी 2008 मध्ये मांडलेले चार प्रश्न इथे कामी येतात: काय चाललंय, का चाललंय, काय व्हायला हवं, आपण काय करायचं. यात सिद्धान्तालाही धक्का बसू शकतो. म्हणून ‘व्यावहारिक’च ठेवा.

शब्दवेडा: पटलं. माघार.

मृदुला: आणि डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री? भाषांतराच्या यंत्राने ‘मंत्रालयाचे डॉक्टर’ असं दिलंय.

निवृत्त पाळक: मुंबईत खपेल! पदवीचं नाव आहे तसंच देवनागरीत लिहा, मिनिस्ट्रीला इतरत्र ‘सेवाकार्य’. मात्र पीएच.डी.शी गल्लत होऊ देऊ नका. डी.मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) ही आधीच सेवेत असलेल्यांसाठीची व्यावसायिक पदवी. प्रबंध सहसा स्वतःच्या सेवेतल्याच एखाद्या प्रश्नावर असतो. पीएच.डी. मुख्यतः संशोधनाकडे आणि अध्यापनाकडे वळणाऱ्यांची.

मृदुला: पॅस्टोरल केअरला, म्हणजे पाळक लोकांना अडचणीत जो आधार देतो त्याला, ‘पाळकीय देखभाल’ चालेल?

शब्दवेडा: देखभाल पंपाची होते हो. ‘पाळकीय काळजी’ लिहा.