फायटर माशाला रोजचं खाणं नक्की काय द्यायचं? लूज दाणे बंद करू का?

विश्रामबागची_वहिनी

नमस्कार मंडळी, मी सांगलीतून लिहितेय. चौथीतल्या लेकाच्या वाढदिवसाला फायटर आणलाय, दीड महिना झाला. निळा-लाल आहे, दुकानदार हाफमून म्हणाला, शेपूट पसरलं की अगदी नऊवारीचा घोळ. नाव ठेवलंय सरपंच, कारण दिवसभर काचेत स्वतःलाच बघून भांडत असतो.

तर प्रश्न खाण्याचा आहे. दुकानदाराने लाल-हिरवे दाणे साध्या प्लास्टिकच्या पुडीत बांधून दिले, त्यावर ना नाव ना तारीख. "चिमूटभर टाका सकाळ-संध्याकाळ" म्हणाला, मी तसं टाकत गेले. आता चार दिवस झाले पोट गोटीसारखं फुगलंय. दाणा तोंडात घेतो, थू करून टाकतो, परत घेतो, परत थुंकतो, आणि राहिलेले दाणे तळाला जाऊन त्यांच्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी येतं. त्यात आमचे आप्पा (सासरे) दुपारी सगळे झोपले की भडंगातला चुरमुरा टाकतात असं परवा कळलं. विचारलं तर म्हणे "पोरगं उपाशी ठेवतंय त्याला, बघ की कसा खातोय". आणि खरंच खातोय ओ तो!

दाणे, फ्लेक्स की ते सुके किडे, रोजचं म्हणून काय चांगलं? एक अडचण आत्ताच सांगते, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. फ्रीजरमध्ये किड्यांची पाकिटं ठेवली तर सासूबाई मला त्या पाकिटासकट बाहेर ठेवतील.

भावा_नाद_करायचा_नाय

मासा भडंग खातोय म्हणजे अस्सल सांगलीकर झाला की, आता कांदा-लिंबू पण द्या 😂

मिरजेचा_मासेवेडा

वहिनी, आधी चुरमुरे बंद. आप्पांना सांगा हा मासा मूळचा थायलंडकडचा, भाताच्या खाचरात राहतो खरं, पण भात खात नाही, खाचरातले किडे खातो. डासाच्या अळ्या, पाण्यात पडलेल्या माश्या, बारीक जीव हे त्याचं जेवण. तोंड बघा त्याचं, वरच्या बाजूला वळलेलं असतं, म्हणजे पाण्याच्या वर जे पडेल ते टिपायला. त्यामुळे चुरमुरा पडला की तो झडप घालणारच, त्याला काय माहीत तो किडा आहे की भडंग. खातो म्हणजे पचतं असं नाही. पीठ-तांदूळ पचवायला त्याचं आतडं बनलेलंच नाही, आणि चुरमुरा पाण्यात किती फुगतो ते तुम्हाला मी सांगायला नको, वर तेल-तिखट-लसूण आहेच.

दुसरं, ते लूज दाणे कचऱ्यात टाका. दुकानात मोठं पोतं फोडून ठेवतात, कधी फोडलं कोणाला माहीत, उन्हात हवेत पडून जीवनसत्त्वं उडून जातात, तेल खवट होतं. शिवाय लाल-हिरवा रंग हा आपल्याला बघायला असतो, माशाला नाही.

आता काय घ्यायचं. फायटरसाठीचे म्हणून बारीक दाणे मिळतात, साधारण १ मिमीचे, मोहरीपेक्षा लहान, वर तरंगणारे. सीलबंद पाकीट घ्या आणि घेताना पुढचं चित्र बघू नका, मागचं बारीक अक्षर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. पहिल्या दोन-तीनांत फिश मील (माशाचं पीठ), क्रिल (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव), कोळंबी किंवा अळ्यांचं पीठ असं काहीतरी प्राणिज पाहिजे. गव्हाचं पीठ नाहीतर सोयाबीन पहिल्या नंबरला असेल तर परत ठेवा. थोडं पीठ सगळ्यातच असतं, त्याशिवाय दाणा बांधला जात नाही, पण ते मागे पाहिजे. प्रोटीन ४० टक्क्यांच्या आसपास असलं की बास. मी स्वतः हिकारी कंपनीचं बेट्टा बायोगोल्ड वापरतो (बेट्टा म्हणजे फायटरच), जपानी आहे. महाग वाटतं पण ५ ग्रॅमचं पाकीट एका माशाला किती दिवस जातं बघाच. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, संपायच्या आत जुनं होतं.

फ्लेक्स नको. हवेनं लवकर खराब होतात, पाण्यात विरघळतात आणि किती खाल्ले ते मोजताच येत नाही. दाण्याचा हाच मोठा फायदा, मोजता येतो. चिमूट विसरा. सकाळी ३, संध्याकाळी ३, झालं. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असतं असं आमच्यात म्हणतात, आता एक चिमूट आणि तो डोळा शेजारी ठेवून बघा म्हणजे पोट का फुगलं ते कळेल.

साताऱ्याची_पाणवनस्पती

वरचं सगळं बरोबर, पण एक राहिलं. पाणी किती गरम आहे? बाऊलमध्ये आहे की टँकमध्ये? माशाचं पचन पाण्याच्या तापमानावर चालतं. त्याला २४ ते २८ अंश पाहिजे. मी साताऱ्यात सदरबझारला असते, आमच्याकडे डिसेंबरात सकाळी थर्मामीटर घातला तर पाणी १९ होतं. पहिल्या वर्षी मला कळेचना की तोच दाणा, तेवढेच नग आणि हा कोपऱ्यात आजारी माणसासारखा का पडलाय. ५० वॉटचा हीटर लावला, चार दिवसात गडी ठणठणीत. सांगलीत आमच्याएवढी थंडी नसते पण पहाटे पाणी गार पडतंच, त्यामुळे कितीही भारी खाणं आणलं आणि पाणी गार असेल तर ते पोटात तसंच बसणार.

आणि ते थुंकणं, त्याची काळजी करू नका. दाणा कडक आणि मोठा असला की चावून, थुंकून, परत घेऊन बारीक करतात. माझी फायटर मादी प्रत्येक दाणा तीनदा थुंकते, चौथ्यांदा गिळते, जणू काही बडीशेप निवडतेय. थुंकून परत बघतच नसेल तर मग दाणा आवडला नाही किंवा तब्येत बरी नाही. लहान दाणा आणला की फरक पडेल.

कराडचा_टँकवाला

एवढं कशाला डोकं लावताय. आम्ही लहानपणापासून मागच्या अंगणातल्या बॅरलमधनं डासाच्या अळ्या काढून घालतोय, चहाच्या गाळणीनं. फुकट, ताजं, आणि मासा असा तुटून पडतो की बघत राहावं. रंग तर काय चढतो. पाकिटातल्या दाण्याला ती सर नाही. आणि त्याचं मूळचं खाणं तेच आहे असं वरती मिरजेच्या भावानं पण लिहिलंयच की.

मिरजेचा_मासेवेडा

@कराडचा_टँकवाला खाणं म्हणून एक नंबर, मान्य. पण दादा, पावसाळ्यात एक दिवस गाळायला विसरलात की त्या अळ्या डास होऊन तुमच्याच घरात येतात, आठ-दहा दिवसांत सगळा कारभार होतो त्यांचा. डेंग्यूचा डास तर स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आमच्या गल्लीत आरोग्यवाले येऊन आठवड्यातून एक कोरडा दिवस (साठवलेलं पाणी रिकामं करायचा) पाळा म्हणून सांगून जातात, तिथं मी मुद्दाम बॅरल भरून ठेवलं तर शेजारी मलाच गप्पी माशांसोबत हौदात सोडतील. गटारातले ट्यूबिफेक्स (बारीक लाल किडे) तर अजिबातच नको, घाणीत वाढतात, सगळे रोगजंतू घेऊन टँकमध्ये येतात.

कराडचा_टँकवाला

बरोबर आहे, मी वरनं साडी बांधतो बॅरलला. पण वहिनींनी नका करू, चौथीतलं पोरगं आहे घरात. विसरायला होतं.

विश्रामबागची_वहिनी

बाप रे किती माहिती, थँक्यू सगळ्यांना. बॅरल-बिरल नकोच. बाऊल तीनएक लिटरचा आहे, थर्मामीटर नाहीये, आजच आणते. पण आत्ता या फुगलेल्या पोटाचं काय करू? एका ताईंनी सांगितलं उकडलेला मटार सोलून दे, सगळं साफ होतं. मटार शाकाहारी आहे म्हणून सासूबाई पण खूश 😄 देऊ का?

साताऱ्याची_पाणवनस्पती

मटार नको. तो गोल्डफिशसाठीचा उपाय, ते झाडपालाही खाणारे आहेत. फायटर मांसाहारी, त्याच्या पोटात अजून एक न पचणारी गोष्ट कशाला घालायची. चुरमुरा काढून मटार घातल्यासारखं होईल.

दोन दिवस काहीच देऊ नका. अगदी काही म्हणजे काही नाही. डोळे वटारून काचेशी येईल, नाचेल, भीक मागेल, तरी नाही. मोठा फायटर आठवडाभरसुद्धा खाण्याशिवाय काढतो, दोन दिवसाला काही होत नाही. पाणी थोडं थोडं बदला, तळातले ते कापूस आलेले दाणे ड्रॉपरने ओढून घ्या, त्याच्यानेच अमोनिया वाढतो आणि लोकांना वाटतं मासा खाण्याने गेला, जातो तो पाण्याने. उरलेल्या खाण्याने बिघडलेल्या पाण्याने. तीन लिटर फार कमी आहे, पुढेमागे १५-२० लिटरचा टँक आणि एक साधा स्पंज फिल्टर बघा, पण तो वेगळा विषय.

आणि एक नीट बघा, वरून. खवले अंगावरून उभे राहिलेत का, अननसासारखे? तसं असेल तर ते नुसतं बद्धकोष्ठ नाही, ड्रॉप्सी (अंगात पाणी भरणं) आहे, तिथे उपास कामाचा नाही. खवले गुळगुळीत असतील तर घाबरू नका.

विश्रामबागची_वहिनी

आत्ता टॉर्च लावून बघितलं, गुळगुळीत आहेत. आणि बाऊलच्या तळाला एक लांबडी पांढरी दोरी पडलीये, ती शी आहे का? सॉरी, पण विचारतेच.

साताऱ्याची_पाणवनस्पती

हो तीच 😀 सुटतंय बहुतेक हळूहळू, पण पांढरी शी पोटातल्या जंतांमुळेही असते, तशीच येत राहिली तर लक्ष ठेवा. काढून टाका.

हळदीचा_व्यापारी

मी नवीन आहे पण वाचतोय सगळं. ते सुके लाल किडे, ब्लडवर्म, डबीत मिळतात, ते रोज दिले तर काय होतं? माझा फक्त तेच खातो, दाणा टाकला तर तोंड फिरवून जातो, लई नखरे.

मिरजेचा_मासेवेडा

रोज पेढे दिले तर तुमचं पोरगं भाकरी खाईल का? तसंच ते. ब्लडवर्म चवीला भारी पण त्यात सगळं पोषण नसतं, आणि सुके तर पाण्यात गेल्यावर फुगतात, बऱ्याच फायटरांची पोटं त्यानेच बिघडतात. आठवड्यातून एखाद-दुसऱ्यांदा, दोन-तीन किडे, ते पण टँकच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून. दाण्यावर आणायचं तर एक दिवस उपास, मग आधी दाणा, पाच मिनिटांत नाही खाल्ला तर काढून टाका, परत दुसऱ्या दिवशी. दाणा किड्यांच्या भिजवलेल्या पाण्यात बुडवून टाकला तर वासाने फसतो. तीन-चार दिवस मन घट्ट करावं लागतं. आपण विरघळतो, मासा नाही.

साताऱ्याची_पाणवनस्पती

सुकं काही द्यायचंच असेल तर डाफ्निया (पाण्यातला बारीक कवचाचा जीव) बघा, त्याचं कवच न पचता जातं म्हणून पोट साफ राहतं. फक्त दाणे भिजवायचे की नाही यावर माझं नि मिरजेकरांचं कधी जमलं नाही. माझ्या मते चांगला दाणा कोरडाच द्यावा, भिजवला की जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात आणि तरंगायचा थांबतो.

मिरजेचा_मासेवेडा

मी अर्धा मिनिट भिजवतो, मऊ पडतो, थुंकत नाही. माझे तीन वर्षं जगलेत. तुमचे पण जगलेत, म्हणजे दोन्ही चालतं 🙏

विश्रामबागची_वहिनी

अपडेट देते, दहा दिवस झाले. दोन दिवसांचा उपास केला, पोट बसलं. थर्मामीटर आणला तर पहाटे २२ होतं, हीटर मागवलाय. दाण्याचं छोटं पाकीट ऑनलाइन मागवलं, गावात दोन दुकानांत विचारलं तर दोघांकडे लूजच. लेकाला बरोबर घेऊन मागची यादी वाचली, पहिलंच नाव फिश मील, सासूबाईंनी ऐकलं पण पाकीट फ्रीजमध्ये नाही, बाऊलशेजारीच असतं म्हटल्यावर काही बोलल्या नाहीत. सरपंचांनी पहिल्या दिवशी दोन दाणे थुंकले, तिसऱ्या दिवसापासून बोट दिसलं की वर येतो.

आणि आप्पांचं गंमतच. त्यांच्याकडे बीपीच्या गोळ्यांची ती सोमवार-मंगळवार लिहिलेली प्लास्टिकची डबी असते ना, तशी एक जुनी होती. रविवारी बसून चष्मा लावून प्रत्येक खणात ६-६ दाणे मोजून भरतात. शनिवारचा खण रिकामा, आप्पांचा शनिवारचा उपास असतो, म्हणे आम्ही दोघं बरोबर धरतो. चुरमुरे आता फक्त आप्पा खातात.

शेवटचं एक, पुढच्या आठवड्यात तुळजापूरला चाललोय सगळे, चार दिवस. शेजारच्या काकूंकडे पाकीट देऊन जाऊ का?

कराडचा_टँकवाला

पाकीट अजिबात देऊ नका, काकू मायेनं मूठभर टाकतील. चार दिवसाला काही दिलं नाही तरी चालतंय. आणि ते सुट्टीवाले खाण्याचे पांढरे ठोकळे मिळतात ते पण नको, पाणी नासवतात. लईच जीव तुटत असेल तर आप्पांची डबी द्या फक्त, मधल्या एका दिवसाचा खण भरून.

विश्रामबागची_वहिनी

डबीच देते. आप्पा म्हणतायत काकूंना चष्मा लावायला सांग.