'सिक्युरेबल ऑब्जेक्ट'ला मराठी शब्द कोणता?

प्रश्न : कोथरूडला दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी विंडोज प्रोग्रामिंगची मराठी टिपणं करते आहे. सिक्युरेबल ऑब्जेक्टच्या प्रकारांच्या एसई_ऑब्जेक्ट_टाइप या यादीत 1 म्हणजे फाइल किंवा फोल्डर, 2 सर्व्हिस, 3 प्रिंटर, 4 रजिस्ट्री की (विंडोजच्या सेटिंग्जची नोंद), पुढे नेटवर्क शेअर, कर्नल ऑब्जेक्ट (विंडोजच्या गाभ्यातले), ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या, म्हणजे संस्थेच्या खात्यांच्या नि संगणकांच्या सूचीतल्या, नोंदी. या सगळ्यांना मिळून 'सुरक्षित वस्तू' म्हणावं की 'संरक्षणक्षम वस्तू'?

प्रतिसाद : 'सुरक्षित' मुळीच नको. या वस्तूंना सिक्युरिटी डिस्क्रिप्टर जोडता येतो, म्हणजे मालक कोण आणि कुणाला काय करू द्यायचं हे त्यांच्यासोबतच नोंदवता येतं, एवढाच त्याचा अर्थ. डीएसीएल, म्हणजे परवानग्यांची यादी, 'नल' असेल, म्हणजे यादीच नसेल, तर वस्तू सगळ्यांना सताड उघडी. यादी आहे पण रिकामी, तर कुणालाच प्रवेश नाही. मालकाला मात्र परवानग्या बदलता येतात. दोन्ही वस्तू सिक्युरेबलच, पण पहिलीला सुरक्षित कोण म्हणेल?

'संरक्षणक्षम'मध्ये अर्थच उलटतो. कार्यक्षम म्हणजे कार्य करू शकणारा, तसं संरक्षणक्षम म्हणजे संरक्षण करू शकणारा. तो पहारेकरी झाला.

'रक्षणीय'ही मराठी कानाला 'जपावी अशी' वाटते. दर्शनीय आणि दृश्य यांतला फरक पाहा. दर्शनीय म्हणजे पाहावं असं, दृश्य म्हणजे दिसू शकणारं. भेद्य, साध्य, क्षम्य याच घडणीचे. म्हणून माझं मत 'संरक्ष्य'ला. त्याचा नकारही सहज होतो : फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरची फाइल असंरक्ष्य, कारण तिथे परवानग्या साठवायला जागाच नाही. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल पद्धतीवरची संरक्ष्य, पण नल डीएसीएल असेल तर असुरक्षित. हा भेद मुलांना एका शब्दात दाखवता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा प्रतिसाद : संरक्ष्य आवडला. पण हिंजवडीत कामावर बसल्यावर 'परमिशन' आणि 'हँडल' (वस्तू उघडल्यावर प्रोग्रामला मिळणारी तिची खूण) हेच शब्द कानावर पडतात, तेव्हा ते तसेच ठेवा. 'विंडो ऑब्जेक्ट'चं भाषांतर तर करूच नका. यादीतला 7 क्रमांक म्हणजे पडद्यावरची खिडकी नव्हे, तर विंडो स्टेशन (डेस्कटॉप ज्याच्या आत असतात ते) किंवा डेस्कटॉप. पडद्यावरच्या एकेका खिडकीला स्वतःची परवानग्यांची यादी नसते. 'खिडकी' लिहिलंत की मुलं हमखास फसतील.

हँडलविषयीही दोन ओळी टाका. तपासणी वस्तू उघडताना होते. बालगंधर्वच्या दारात तिकीट एकदा पाहिलं की खुर्चीवर कुणी पुन्हा विचारत नाही, तसंच. नंतर परवानगी काढून घेतली तरी आधी मिळालेलं हँडल तेवढ्या अधिकारांनिशी चालूच राहतं.

प्रश्नकर्ती : 'संरक्ष्य' पक्का, पहिल्या वापरात शेजारी 'सिक्युरेबल' लिहीन. 7 क्रमांकासाठी 'विंडो स्टेशन' तसंच ठेवते. 'ऑब्जेक्ट'ला मात्र 'वस्तू' म्हणताना प्रोसेस (चालू प्रोग्राम) आणि थ्रेडपाशी (त्यातला कामाचा एक धागा) अडते. चालू प्रोसेसला वस्तू म्हणणं पटतं का?

प्रतिसाद : प्रोसेसला नाही पटत. कर्नल ऑब्जेक्टमध्ये म्यूटेक्स, सेमाफोर, इव्हेंट अशी थ्रेडांचा ताळमेळ राखणारी साधनंही येतात, तेव्हा सगळीकडे 'ऑब्जेक्ट'च ठेवा : 'संरक्ष्य ऑब्जेक्ट'.