जुने गेम लिनक्सवरसुद्धा ४:३ मध्येच दिसले पाहिजेत

फ्लॉपीवाला

डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या पीसी-प्रणालीच्या) काळातले बहुतेक गेम ३२०×२०० वर चालायचे. नुसते आकडे पाहिले तर हे प्रमाण १६:१० भरतं. पण तेव्हाचा मॉनिटर ४:३ होता आणि त्या २०० ओळी त्याच्या पूर्ण उंचीवर पसरायच्या. म्हणजे पिक्सेल चौरस नव्हताच, रुंदीच्या १.२ पट उंच होता. तेच चित्र आजच्या एलसीडीवर जसंच्या तसं टाकलं की उंचीचा सहावा हिस्सा गायब.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली एकेक फ्रेम करून उतरवल्या. खऱ्या माणसाची अंगकाठी आहे ती. कड्याला लोंबकळणारा तो सडपातळ पोरगा दबून बुटका झाला की त्या उडीतली सगळी मजा जाते. 'डूम'मध्ये खाली मधोमध जो चेहरा असतो तोही पाहा. चपट्या चित्रात त्याचे गाल सुजल्यासारखे दिसतात.

प्रमाण गेमचं असतं, मॉनिटरचं नसतं, हे माझं ठाम मत आहे. आणि लिनक्सवर ते सांभाळणं अजिबात कठीण नाही. मूळ डॉसबॉक्सच्या (डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) कॉन्फिग फाइलमध्ये रेंडर विभागात 'आस्पेक्ट'पुढे फॉल्स असतं, तिथे ट्रू लिहायचं. त्यावरून निघालेल्या डॉसबॉक्स स्टेजिंगमध्ये ते आधीपासूनच चालू असतं. स्कमव्हीएममध्ये (जुने साहसी गेम चालवणारा प्रोग्राम) ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये एक टिक करायची. एवढं सोपं असूनही चपटे स्क्रीनशॉट सगळीकडे फिरतात आणि नवी मुलं समजतात की जुने गेम असेच दिसायचे. नव्हते दिसत!

पट्टी_नको

असहमत. २४ इंची मॉनिटर घ्यायचा आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या बघत बसायचं, हे मला पटत नाही. गेम मी खेळतोय, स्क्रीन माझी आहे. काउंटर-स्ट्राइकचे व्यावसायिक खेळाडू आजही मुद्दाम ४:३ चं चित्र रुंद ताणून खेळतात. त्यांना कोणी चुकीचं म्हणत नाही. मग मी 'रोड रॅश' ताणून खेळलो तर काय बिघडलं?

टर्मिनलकाका

@पट्टी_नको, तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. काउंटर-स्ट्राइकवाले समोरचा शत्रू रुंद दिसावा म्हणून ताणतात, आणि तो आडवा पळताना तितकाच जोरात पळतो हेही त्यांना माहीत असतं. विचार करून केलेला सौदा आहे तो. तुमच्या 'रोड रॅश'मध्ये बाइकची चाकं लंबगोल होतात, ती कोणी ठरवून केलेली नाहीत. गेमने ६४०×४८० मागितलं आणि मॉनिटरने विचार न करता फाकवलं, एवढंच.

तुमच्या गेमला १.२ चं गणित लागतही नाही. ६४०×४८० मुळातच ४:३ आहे, पिक्सेल चौरस. फक्त ताण थांबवायचा. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) चालवत असाल तर गेमस्कोप नावाचं साधन लावा. त्याच्या कमांडमध्ये स्मॉल डब्ल्यू आणि एचपुढे गेमचं रिझोल्यूशन, कॅपिटल डब्ल्यू आणि एचपुढे तुमच्या स्क्रीनचं. गेमला वाटतं समोर ६४०×४८० चाच मॉनिटर आहे, आणि तो बिचारा निमूट चालतो. एक्स११ (लिनक्सची जुनी ग्राफिक्स प्रणाली) वर लॅपटॉपच्या पॅनेलसाठी एक्सरँडर या कमांडमध्ये 'स्केलिंग मोड' नावाची प्रॉपर्टी बहुधा मिळते, ती 'फुल आस्पेक्ट' करा. वेगळा मॉनिटर असेल तर आधी त्याच्याच मेनूत ४:३ शोधा, बऱ्याच मॉनिटरमध्ये असतं.

पिक्सेलप्रेमी

काका, ६४०×४८० बद्दल वादच नाही. माझा विरोध ३२०×२०० ला ताणण्याला आहे. माझा लॅपटॉप १९२०×१२०० आहे. ३२० ची सहापट १९२०, २०० ची सहापट १२००. स्क्रीन काठोकाठ भरते आणि प्रत्येक पिक्सेल सुरीने कापल्यासारखा. स्टीम डेक या हातात धरायच्या गेम-यंत्रावर १२८०×८००, तिथे बरोबर चौपट. याउलट १०८० ओळींच्या स्क्रीनवर तुमचं 'दुरुस्त' चित्र काढलं की २०० ओळींची ५.४ पट करावी लागते. काही ओळी पाच पिक्सेल जाड, काही सहा. दृश्य वर-खाली सरकलं की अक्षरं लाटांसारखी हलतात. ते टाळायला फिल्टर लावा, तर सगळं धूसर. चित्रकाराने एकेक ठिपका मांडून केलेलं काम असं पुसट करणं मला बघवत नाही.

फ्लॉपीवाला

@पिक्सेलप्रेमी, ओळी कमी-जास्त जाड होण्याचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. मलाही तो खुपतो, १०८० वर मी शेडर (चित्रावर प्रक्रिया करणारा छोटा प्रोग्राम) लावूनच खेळतो. पण तुमचा लॅपटॉप तर माझ्या बाजूचा साक्षीदार आहे! आडवं पाचपट, उभं सहापट करा. १६००×१२०० येतं, म्हणजे नेमकं ४:३, आणि एकही पिक्सेल अर्धा कापला जात नाही. दोन्ही बाजूंना १६० ची पट्टी राहील, बस. १४४० च्या मॉनिटरवरही हेच माप बसतं.

आणि ही केवळ आमची आठवण आहे असं कोणाला वाटत असेल तर 'क्वेक' या गेमचा सोर्स कोड उघडा, १९९९ पासून खुला आहे. त्यात पिक्सेलचं प्रमाण काढायला उंची भागिले रुंदी, गुणिले ३२० भागिले २४० असं सूत्र आहे. ३२०×२०० घाला, ०.८३ येतं. म्हणजे पडदा ४:३ असणार हे प्रोग्रामरने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय.

लीड्सची_मावशी

'क्वेक'चं सूत्र 'क्वेक'ला लागू. सगळ्या डॉस गेमना एकच माप लावू नका. इकडे इंग्लंडमध्ये कितीतरी गेमची चित्रं आधी अमिगा संगणकावर काढली गेली, तीही पाल (युरोपातलं टीव्ही मानक) टीव्हीसमोर बसून. तिथे पूर्ण पडदा ३२०×२५६ चा. २०० ओळींचा गेम लावला की खाली रिकामी जागा उरायची आणि पिक्सेल जवळपास चौरस दिसायचे. तीच चित्रं नंतर पीसीवर गेली आणि व्हीजीए मॉनिटरने ती उंच ताणली. अशा गेमच्या बाबतीत चित्रकाराने पाहिलेलं रूप खरं, की पीसीवाल्या पोरांनी पाहिलेलं? मी चित्रकाराच्या बाजूने. गेममध्ये एखादं नाणं, घड्याळ, चाक शोधा आणि स्क्रीनवर पट्टी ठेवून मोजा. ज्या सेटिंगला ते गोल येतं ते त्या गेमचं सेटिंग.

फ्लॉपीवाला

मावशी, पट्टीची कसोटी एकदम मान्य. पण पीसीवर विकायला काढलेला गेम कंपनीने पीसीच्याच मॉनिटरवर तपासून पास केला असणार ना? माझ्या दृष्टीने ती आवृत्ती तशीच जपली पाहिजे. अमिगाचं रूप हवं तर अमिगाचा इम्युलेटर (त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे की, लिनक्सवर एफएस-यूएई छान चालतो.

पिक्सेलप्रेमी

लॅपटॉपवर १६००×१२०० लावतो. डेकवर मात्र चौपटच ठेवणार. तिथे ८०० च्या उंचीत ४:३ बसवायचं तर आडवे ३.३३ पट पडतात, आणि एवढ्याशा पडद्यावर तो धूसरपणा मला चालणार नाही.

पट्टी_नको

काका, गेमस्कोप चालला. चाकं गोल झाली. पण पट्ट्यांच्या जागी काळ्याऐवजी एखादं चित्र लावता येतं का? कोणी केलंय का असं?