वीरधवल खाडे: 16 व्या वर्षी ऑलिंपिक, मग मधली वर्षं कुठे गेली?

सांगलीची_आई

नमस्कार मंडळी. माझा मुलगा चौदाचा आहे, 50 आणि 100 फ्रीस्टाईल पोहतो, डिस्ट्रिक्ट-स्टेट लेव्हलला बरं चाललंय. घरात सध्या एकच विषय, दहावीच्या वर्षी पोहणं चालू ठेवायचं की नाही. त्याचा हिरो वीरधवल खाडे, म्हणून मी त्याचं सगळं करिअर शोधून वाचून काढलं आणि एका जागी अडकले. 2008 ला बीजिंगला गेला तेव्हा पोराला सतरावं पण पूर्ण नव्हतं, 50, 100, 200 तिन्ही फ्रीस्टाईल पोहला. 2010 ला ग्वांगझू एशियाडला 50 बटरफ्लायमध्ये ब्राँझ, खजान सिंगनंतर 24 वर्षांनी भारताला पोहण्यात मेडल. आणि मग एकदम शांतता. 2012 लंडनला नाही, 2016 रिओला नाही. डायरेक्ट 2018 ला जकार्ता एशियाड, 50 फ्रीस्टाईल, चौथा, मेडल हुकलं 0.01 सेकंदाने. मला दोन गोष्टी कळून घ्यायच्यात. मध्ये नक्की झालं काय? आणि हे 0.01 म्हणजे पाण्यात किती असतं, कारण माझ्या डोळ्यासमोर काही येतच नाही.

रांगडा_कोल्हापूरकर

ताई, वीरधवल आमच्या गावचा त्यामुळं लिहिल्याशिवाय राहवत नाही. बीजिंगला त्यानं 100 मध्ये 50.07 मारलं, स्वतःची हीट म्हणजे पहिल्या फेरीतली शर्यत जिंकला, तरी सेमीला गेला नाही कारण एकूण यादीत बराच खाली होता. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. पण सोळा वर्षांचं पोरगं ऑलिंपिकची हीट जिंकतंय ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा की! कोल्हापूरचं कुस्ती-फुटबॉलचं वेड सगळ्यांना माहितीय, त्यात एक पोरगं पाण्यात एवढं लांब जातंय. आणि त्यासाठी त्याला घर सोडून बंगळुरूला निहार अमीन सरांकडं जावं लागलं हे पण खरं.

मधल्या वर्षांचं उत्तर सरळ आहे. मेडलनंतर राज्य सरकारनं त्याला तहसीलदार केलं. सन्मान म्हणून चांगलंच केलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तहसीलदाराचं काम काय असतंय ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. सातबारा, वसुली, वाळूच्या गाड्या, पंचनामे, निवडणूक लागली की रात्र नाही दिवस नाही. आणि स्प्रिंटरला पहाटे दोन तास पाणी, मग जिम, संध्याकाळी परत पाणी लागतं. दोन्ही एका माणसानं कसं करायचं? विसाव्या ते पंचविसाव्या वर्षाचा माणूस, ज्या वयात ताकद येते, तीच वर्षं ऑफिसात गेली. मला त्याचं लई वाईट वाटतं.

लेन_नंबर_४

मी ठाण्यात मास्टर्स म्हणजे मोठ्या वयाच्या गटात पोहतो आणि मुलांना शिकवतो, 0.01 बद्दल लिहितो. जकार्ताला तिसरा आलेला जपानचा नाकाओ 22.46, वीरधवल 22.47. 50 मीटर भागिले 22.46, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटरच्या जरा आत स्पीड. त्याचा शंभरावा भाग काढा, साधारण दोन सेंटीमीटर. अंगठ्याच्या नखाएवढं अंतर.

पण खरी चुटपुट दुसरीकडे आहे. त्याच दिवशी सकाळच्या हीटमध्ये त्याने 22.43 मारलं होतं, नॅशनल रेकॉर्ड! तेच टायमिंग संध्याकाळी परत आलं असतं तर ब्राँझ गळ्यात होतं. आधीचा रेकॉर्ड पण त्याचाच, 22.52, 2009 चा. 2009 म्हणजे ते पॉलियुरेथेनचे, पोहणाऱ्याला जास्त वेग देणारे सूट चालायचे ते वर्ष, 2010 पासून बंद झाले, आणि त्या वर्षात जगभरात जे रेकॉर्ड झाले त्यातले कित्येक मोडायला लोकांना पुढे दहा-दहा वर्षं लागली. इथे हा माणूस सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, साध्या टेक्स्टाईल म्हणजे कापडी सूटमध्ये, एवढी वर्षं वाया जाऊनसुद्धा अठराव्या वर्षीच्या स्वतःपेक्षा फास्ट पोहतो. त्यामुळे टॅलेंट संपलं होतं वगैरे कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका.

तुमच्या मुलाला 50 मध्ये फिनिश शिकवा. शेवटचे पाच मीटर मान खाली, श्वास नाही, आणि हात टचपॅडवर, म्हणजे भिंतीवरच्या वेळ मोजणाऱ्या पाटीवर, पूर्ण लांब मारायचा, बोटांची टोकं पॅडवर. बरीच मुलं भिंत जवळ दिसली की ग्लाइड करतात किंवा अर्धा स्ट्रोक जास्त घेतात आणि मनगट वाकवून टच करतात. दोन सेंटीमीटर तिथेच जातात. फिनिश रोजच्या सेटमध्येच करून घ्यायचा, प्रत्येक लॅपला, थकलेला असताना सुद्धा.

प्राची_पुणे

लेन४ दादा, मस्त लिहिलंत. त्यात एक भर. शंभराव्या भागाच्या पुढे मोजतच नाहीत, कारण 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकला 400 मेडलेमध्ये (चारही स्ट्रोकची शर्यत) स्वीडनचा लार्सन आणि अमेरिकेचा मॅकी दोघं 4:31.98 वर होते आणि हजाराव्या भागावर 0.002 ने निकाल दिला. नंतर तो नियम काढला, कारण पूल बांधतानाच लेनच्या लांबीत त्याहून जास्त फरक पडू शकतो. आता शंभराव्यावर बरोबरी झाली तर दोघांना मेडल. म्हणजे वीरधवल अजून 0.01 पुढे असता तर दोन ब्राँझ दिली असती!

नोकरीबद्दल मात्र रांगडाभाऊंशी मी पूर्ण सहमत नाही. ताई, तुम्ही आई म्हणून विचारताय म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्याकडे पोहण्यात पैसा नाही, लीग नाही, स्पॉन्सर नाही. विसाव्या वर्षी पोराने कशावर जगायचं? नोकरी मिळाली म्हणूनच तो पुढे परत पाण्यात येऊ शकला असंही म्हणता येईल. चूक नोकरी देण्यात नव्हती. नोकरी देताना पुढची दोन ऑलिंपिक ही तुझी ड्यूटी, टेबल नंतर, असं लिहून द्यायला हवं होतं. रेल्वे आणि सर्व्हिसेसमधल्या खेळाडूंना सरावासाठी मोकळीक मिळते ना, मग महसूल खात्यात का नको?

रांगडा_कोल्हापूरकर

प्राचीताई, मी पण तेच म्हणतोय की. नोकरी द्या, पण पोहू द्या.

सांगलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन सेंटीमीटर वाचून पोटात कालवलं खरंच. एक अजून विचारते, स्प्रिंटरचं वय कधी संपतं? म्हणजे दहावी-बारावीत एक-दोन वर्षं सराव कमी झाला तर गेलंच का सगळं?

लेन_नंबर_४

नाही हो ताई. अमेरिकेचा अँथनी एर्विन बघा, 2000 ला सिडनीत 50 फ्रीमध्ये गॅरी हॉलबरोबर टाय होऊन गोल्ड, दोघं 21.98. नंतर पोहणं सोडलं, बरीच वर्षं लांब राहिला, आणि 2016 ला रिओमध्ये पस्तिसाव्या वर्षी परत त्याच इव्हेंटचं गोल्ड, 21.40. दुसरा फ्रान्सचा मनोदू 21.41. तिथे तोच 0.01 त्याच्या बाजूने पडला. स्प्रिंटमध्ये ताकद उशिरापर्यंत टिकते, जाते ती पाण्याची पकड. म्हणून दहावीत तासांमध्ये कपात करा पण पाणी पूर्ण तोडू नका, आठवड्यातून तीन-चार दिवस तरी टाकीत उतरू दे, छोटे फास्ट सेट, डाइव्ह, 15 मीटरपर्यंतची अंडरवॉटर किक. मायलेज, म्हणजे एकूण पोहण्याचं अंतर, बोर्डानंतर वाढवता येतं.

आणि वीरधवलचा शेवटचा भाग पण मुलाला सांगा. 2023 ला गोव्यातल्या नॅशनल गेम्समध्ये त्याने 50 फ्रीचं गोल्ड घेतलं, त्याच इव्हेंटमध्ये बायकांचं गोल्ड त्याच्या बायकोने, ऋजुता खाडेने घेतलं, आणि तिथेच तो रिटायर झाला. बत्तीस वर्षांचा असताना, देशातल्या विशीतल्या पोरांना हरवून.

प्राची_पुणे

ताई, शाळेला आत्ताच अर्ज द्या, पहिल्या तासाची सवलत मागा. स्टेटची सर्टिफिकेट जोडा आणि बोर्डाच्या खेळाच्या वाढीव गुणांचं पण शाळेत विचारून ठेवा, त्याची कागदपत्रं शेवटच्या महिन्यात गोळा करायला गेलं की धावपळ होते.