अनुभव धागा : स्टिअरिंग वळवलं की पुढून आवाज

सोलापुरात स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यांनी आणि उघडून दुरुस्त करणाऱ्यांनी लिहा. नावाऐवजी वर आपला भाग टाका. आवाज कसा, कधी आणि कशाने गेला, एवढंच.

होटगी रोड
उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टंग' झालं की आधी टॉप माउंटचं, म्हणजे शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो त्या रबरी बैठकीचं, बेअरिंग. इंजिन चालू, चाकं जमिनीवर. एकाने स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगवर बाहेरून तळहात टेकवायचा. वेटोळ्यांत बोटं नकोत. स्प्रिंग अडकून एकदम झटका देत असेल, तर बेअरिंग जाम. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये (स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली) अख्खा शॉकअप चाकाबरोबर फिरतो. वरचं बेअरिंग फिरलं नाही की स्प्रिंग पिळते आणि सुटते. आपल्याकडची धूळ आत गेली की ग्रीसचा स्प्रे चार दिवसांचा पाहुणा. दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदला, रबराला चिरा असतील तर माउंटही. स्प्रिंग कंप्रेसरने दाबल्याशिवाय मधला नट उघडू नका, जीव जाईल. बसवताना स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीच्या खाचेला टेकलंय ना, बघा. नट नवा, आणि टॉर्क रेंचनेच. मग अलाइनमेंट.

विजापूर रोड
वरच्यांशी सहमत, पण गाडी चालती असताना पूर्ण वळणावर कट-कट येते आणि वेगाबरोबर वाढते, तेव्हा एक्सलचा बाहेरचा जॉइंट. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का पाहा. बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी कव्हर, फाटलेला सापडतो. कट-कट सुरू झाल्यावर नुसता बूट बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. पोर्शे बॉक्सस्टरसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढे चाकं फिरवणारा एक्सलच नाही, तिथे हे विसरा.

अक्कलकोट रोड
स्पीडब्रेकरवर तिरकं चढताना खटखट : लिंक रॉड, म्हणजे गाडीचा कल रोखणारा आडवा बार सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्या. दोन्ही लिंक काढून गल्लीतून हळू एक चक्कर मारा. आवाज गेला तर तेच. फक्त एक चाक जॅकवर घेऊन लिंक हलवू नका. बार ताणात राहतो, ढिलाई कळत नाही.

लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश बदलले तर शेवटचा टाइट गाडी चाकांवर उभी असताना. लटकत्या चाकावर आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. निम्मी गॅरेजं इथंच घाई करतात.

सात रस्ता
गाडी खाली बसवलीय? जॅकवर उचलल्यावर स्प्रिंग हाताने हलली तर ती वाटीत सरकते, बेअरिंग बिचारं निर्दोष. मुख्य स्प्रिंग जागेवर धरून ठेवणारी छोटी हेल्पर स्प्रिंग लागेल.

२०२१ च्या पोर्शे ९११ जीटी३ला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं. तिथे शॉकअप स्टिअरिंगबरोबर फिरत नाही. आर्मच्या टोकाचे बॉल जॉइंट तपासा.

जुळे सोलापूर
रुंद टायर आतल्या लायनरला (चाकाच्या पोकळीतल्या अस्तराला) घासतो तो आवाजही लोक सस्पेन्शनचा समजतात. पूर्ण वळवून लायनरवर चकचकीत पट्टा दिसतोय का, ते आधी पाहा.