मदत हवी आहे: बोट विकतोय, सर्वेयर म्हणतो हल (बोटीचं बाहेरचं अंग) ओला आहे. आधी दुरुस्ती करू की किंमत कमी करू?

शिडवाला३६
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर द्या, समोरच्याला उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय. आमची ३६ फुटी शिडाची क्रूझिंग यॉट विकायला काढलीय, २००३ ची, फायबरग्लास, तीन केबिन, मुलं लहान होती तेव्हापासून आमच्याकडेच आहे, आता मुलं आपापल्या मार्गाला लागली आणि बोट नुसती बांधलेली असते म्हणून विकतोय. एक कुटुंब आलं, त्यांना आवडली, विसार दिला, सर्वे पसंत पडला तरच व्यवहार असा करार झाला. काल त्यांच्या सर्वेयरने बोट बघितली आणि आज सकाळी मेसेज, की हलमध्ये ओलावा खूप आहे, ऑस्मोसिस (पाणी आत शिरून फायबरला फोड येणं) असू शकतं, किंमत पाचव्या हिश्श्याने कमी करा नाहीतर विसार परत द्या.
प्रश्न एवढाच, ऑस्मोसिसची ट्रीटमेंट करून पूर्ण किमतीला विकू की सरळ किंमत पाडू? इंजिन एकदम मस्त आहे, पहिल्या चावीला सुरू होतं.

खारेवारे
किंमत पाडा आणि मोकळे व्हा. विकण्याआधी ट्रीटमेंट करणं म्हणजे स्वतःच्या पैशाने दुसऱ्याची बोट दुरुस्त करणं. जेलकोट, म्हणजे हलचा सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर, सोलायचा, गोड्या पाण्याने परत परत धुवायचा, मग हल वाळेपर्यंत काही महिने बोट जमिनीवर, आणि मग इपॉक्सीचे थर. तेवढ्यात सीझन गेला आणि गिऱ्हाईकही गेलं. आणि एवढं करून किमतीत ते वसूल होत नाही, माझा अनुभव आहे.

इंजिनघर
थांबा थांबा, किंमत पाडायच्या आधी काही गोष्टी सांगा. हलवर फोड आलेत का? बोट पाण्यातून कधी काढली आणि सर्वेयरने किती वेळाने ओलाव्याचा मीटर लावला? तळाचा रंग खरडून मोजलं का रंगावरूनच? आकडे कुठले, वॉटरलाइनच्या (हलवरची पाण्याच्या पातळीची रेघ) वरचे की खालचे? फोटो असतील तर टाका.

शिडवाला३६
फोड मला तरी दिसले नाहीत. बोट सकाळी क्रेनने वर काढली, प्रेशरने धुतली, दुपारी तो आला. अँटीफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो रंग) आहे तसंच आहे, दोन वर्षांपूर्वी लावलेलं, तांब्याचं. त्याने काय फरक पडतो? मला फक्त ट्रीटमेंट की किंमत एवढंच विचारायचंय.

इंजिनघर
त्यानेच सगळा फरक पडतो हो. हे मीटर ओलावा थेट मोजत नाहीत, पृष्ठभागाखालच्या थराचा विजेच्या बाबतीतला गुणधर्म मोजतात आणि त्यावरून अंदाज देतात. तांब्याच्या अँटीफाउलिंगवर ठेवला की आकडा वर जाणारच, खारं पाणी सुकून मीठ राहिलं असेल तरी वर जाणार, आणि वर्षभर पाण्यात असलेली बोट सकाळी काढून दुपारी मोजली तर काय कोरडी लागणार आहे? नीट करायचं तर तळाला चारसहा ठिकाणी रंग खरडून जेलकोट उघडा करायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, निदान एकदोन दिवस वाळू द्यायचं, आठवडा मिळाला तर उत्तमच, मग वॉटरलाइनच्या वर आणि खाली मोजून दोन्हीतला फरक बघायचा. वरचा आकडा हीच तुमच्या बोटीची तुलना. नुसत्या एका आकड्यावर पाचवा हिस्सा मागणं मला पटत नाही.

निवांत
इंजिनघर यांच्याशी अर्धवट सहमत. मीटरला पूर्ण निकालात काढू नका. चांगला सर्वेयर मीटरसोबत छोटी हातोडी घेऊन पूर्ण तळ वाजवून बघतो, भरीव जागी कडक आवाज येतो, थर सुटलेला असेल तिथे बद्द. त्याने वाजवून बघितलं का? आणि एखादा फोड सापडला असेल तर तो फोडून आतल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का तेही बघतात. असा वास आला तर ते ऑस्मोसिस. नुसता ओला हल म्हणजे ऑस्मोसिस नव्हे, पाणी जेलकोटमधून सावकाश आत शिरतंच, ते आत रेझिनमधल्या विरघळणाऱ्या पदार्थांशी मिळून दाब तयार करतं तेव्हा फोड येतात. कित्येक बोटी ओल्या राहून वर्षानुवर्षं मजेत चालतात.

लांबकणा
मी तर म्हणतो हा सगळा त्रास या आधुनिक फिन कीलवाल्या (तळाखाली पंखासारखी आखूड जड कील असलेल्या) बोटींचाच. पुढची बोट घ्याल तेव्हा लांब कील असलेली घ्या, सुकाणू कीलला टेकलेलं, प्रोपेलर मागे झाकलेला, दिशा धरून चालते, समुद्रात अंग टाकून झोपता येतं. आणि शक्यतो स्टील. स्टीलला ऑस्मोसिस होत नाही.

इंजिनघर
लांबकणा, ते विकतायत, घेत नाहीयेत. आणि स्टीलला गंज होतो, तोही आतून, जिथे दिसत नाही.

लांबकणा
गंज आतून येतो तो लोक बिल्ज (बोटीच्या आतला सगळ्यात खालचा खोलगट भाग) कोरडा ठेवत नाहीत म्हणून, व्यवस्थित रंगवलेलं स्टील तुमच्या फायबरपेक्षा जास्त टिकतं. शिवाय लांब कीलची बोट बंदरात मागे घेताना त्रास देते असं म्हणणारे सगळे शिकलेले नसतात.

दोन_मुलांची_आई
मी खरेदीदाराच्या बाजूने लिहिते, कारण आम्ही दोन वर्षांपूर्वी अशीच कुटुंबाची बोट घेतली. आम्हाला सगळ्यात जास्त भीती हल ओला असण्याची नव्हतीच, अमुक गोष्ट शेवटची कधी बदलली याचं उत्तर मालकाकडे नाही याची होती. जिथे बिलांची फाईल होती तिथे आम्ही घासाघीस कमी केली. तुमच्याकडे फाईल आहे का? त्या कुटुंबाने नक्की कशाला घाबरून एवढा मोठा आकडा टाकलाय ते विचारलंत का? मला वाटतं फक्त ओलाव्यासाठी कोणी पाचवा हिस्सा मागत नाही, अजून काहीतरी आहे.

अवांतर: गॅसचा पाइप आणि रेग्युलेटर किती जुने आहेत तेही बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर वर उडून जात नाही, बिल्जमध्ये साचतो, आणि गॅस लॉकरचं ड्रेन तुंबलेलं असेल तर लॉकरमधला गॅससुद्धा बाहेर पडायला वाट नाही. मुलं आत झोपतात हो.

खारेवारे
ताईंचा मुद्दा बरोबर. सर्वे रिपोर्ट पैसे देणाऱ्याचा असतो, म्हणजे त्यांचा, तुमचा नव्हे. पण पैसे कमी करा म्हणतायत तर ज्या पानांवर ते मागताय ती पानं दाखवा असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मागून घ्या आणि इथे टाका.

शिडवाला३६
विचारलं, दोन पानं पाठवली त्यांनी. ओलाव्याशिवाय चार गोष्टी लिहिल्यात, मला त्या किरकोळ वाटल्या म्हणून इथे नव्हत्या टाकल्या:
स्टँडिंग रिगिंग (डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा) मूळचंच, बदलल्याची नोंद नाही.
सेलड्राइव्हच्या (इंजिनाची ताकद हलमधून खाली प्रोपेलरला नेणारा भाग) रबरी सीलची तारीख नाही.
दोन सीकॉक (हलमधून पाणी आतबाहेर जाण्याचे व्हॉल्व्ह) खरडल्यावर गुलाबी दिसले.
कील आणि हलच्या जोडाशी पुढच्या बाजूला गंजाची रेघ, बारीक चीर.
फोड नाहीत. हातोडीने वाजवलंय, तळ भरीव असं लिहिलंय. रिगिंग मी दर वर्षी डोळ्याने बघतो, एकही तार तुटलेली नाही. कील लोखंडी आहे त्यामुळे थोडा गंज येणारच ना? तर परत तोच प्रश्न, ट्रीटमेंट की किंमत?

इंजिनघर
झालं की उत्तर. ऑस्मोसिस ट्रीटमेंट अजिबात नको. आता तुमचा खरा व्यवहार त्या चार ओळींवर आहे.
रिगिंग: २० वर्षांपेक्षा जास्त झालेल्या तारा. बऱ्याच विमा कंपन्या १० ते १५ वर्षांनंतर बदलायला सांगतात किंवा डोलकाठी तुटली तर पैसे द्यायला खळखळ करतात, म्हणजे घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी हा खर्च आहे. डोळ्याने बघून कळत नाही, कारण स्टेनलेस आतून खचतं, जिथे खालच्या टोकाला तार फिटिंगमध्ये दाबलेली असते तिथे पाणी साचून बारीक चिरा पडतात, आणि कित्येकदा एकही तार तुटलेली न दिसता एका रात्रीत फिटिंगच जातं.
सेलड्राइव्ह: हलला भोक पाडून त्यातून ड्राइव्हचा पाय खाली गेलाय आणि पाणी अडवायला मधे फक्त रबर. व्होल्वो पेंटाची शिफारस दर ७ वर्षांनी बदलायची. तुमच्याकडे नोंद नाही म्हणजे घेणाऱ्याने मूळचंच धरलं तर त्याचं काही चुकलं नाही. कामही मोठं, इंजिन सरकवावं लागतं.

निवांत
आणि सीकॉक. साध्या पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं आणि तांबं उरतं, तोच गुलाबी रंग. हाताने जोरात फिरवले तर मोडू शकतात, तेही बोट पाण्यात असताना. युरोपात १९९८ पासून सक्तीच्या झालेल्या नियमांत या फिटिंग्जने गंज ५ वर्षं सोसला की पुरे असं मानक होतं, त्यामुळे त्या काळातल्या पुष्कळ बोटींना स्वस्त पितळ लागलंय. दोन गुलाबी निघाले तर सगळे बदला, ब्राँझ किंवा डीझेडआर (जस्त निघून न जाणारं पितळ). हे काम मात्र विकण्याआधीच करून टाका, बोट वर आहेच, खर्च बाकीच्या मानाने कमी, आणि रिपोर्टमधली एक भयानक ओळ पुसली जाते.

खारेवारे
मी परत म्हणतो काहीच बदलू नका. रिगिंग तुम्ही बदलाल स्वस्तातल्या माणसाकडून, त्यांना पाहिजे असेल दुसरं. जुन्या तारा, जुनं सील, सगळं सांगून टाकायचं आणि तेवढे पैसे कमी. त्यांचा माणूस, त्यांची पसंती.

निवांत
सीकॉकची गोष्ट वेगळी आहे. परत पाण्यात उतरवायची आहे बोट, त्याआधी मोडले तर कोणाची जबाबदारी?

इंजिनघर
सीकॉकवर निवांत यांच्या बाजूने, रिगिंग आणि सीलवर खारेवारे यांच्या. पण कीलबद्दल कोणीच का बोलत नाहीये? शिडवाला, बोट कधी तळाला लागली होती का? खडकाला, वाळूला, हळू का असेना?

शिडवाला३६
एकदा वाळूत रुतली होती, भरती आल्यावर निघाली. खूप वर्षं झाली. नंतर काही झालं नाही. किरकोळ नाही का ते?

इंजिनघर
बहुतेक वेळा किरकोळच असतं. पण २०१४ च्या मे महिन्यात चीकी राफिकी नावाची यॉट अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परत येताना अटलांटिकमध्ये कील सुटून उलटली, चारही खलाशी गेले. ब्रिटिश अपघात तपास विभागाने जे निष्कर्ष काढले त्यात आधीच्या तळाला लागण्यामुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे हलला बळकटी देणारी आतली चौकट कमजोर झाली असण्याची शक्यता मांडली होती. तुमच्या बोटीचं असंच आहे असं मी म्हणत नाही, वेगळी रचना असेल. पण कीलच्या पुढच्या टोकाशी चीर असेल तर दोन शक्यता, एक म्हणजे जोडातलं सीलंट म्हातारं झालंय, ते खरडून परत भरायचं. दुसरी म्हणजे धडकेने कील पुढे खाली ओढली गेली आणि मागचं टोक वर दाबलं गेलं, त्याच्या खुणा आत कीलच्या मागच्या टोकाशी चौकटीत बारीक चिरांच्या रूपात दिसतात. फळ्या उचला, बिल्ज पूर्ण कोरडा पुसा, टॉर्चने बघा. कील बोल्टच्या वॉशरभोवती गंजाचं पाणी आहे का तेही. फोटो टाका. आणि वाळूत रुतल्याचं त्या कुटुंबाला स्वतःहून सांगा, त्यांना नंतर कळलं तर पूर्ण व्यवहार जाईल.

लांबकणा
लांब कीलमध्ये बॅलास्ट (बोट उलटू नये म्हणूनचं वजन) हलच्या आत असतो, बोल्टच नाहीत.

निवांत
सगळ्यांत नाही, बऱ्याच लांब कीलच्या बोटींना बॅलास्ट बाहेरून बोल्टनेच लावलेला असतो. आणि लांबकणा, कृपया वेगळा धागा काढा, तिथे मी येतो वाद घालायला, खरंच येतो.

समुद्रफेस
वाचतोय. जाहिरातीत बोट कॅटेगरी ए आहे असं लिहिलंत का? मग महासागरात चालणारीच असणार, एवढी काळजी कशाला?

इंजिनघर
समुद्रफेस, कॅटेगरी ए म्हणजे डिझाइन ब्युफर्ट मोजपट्टीवरच्या ८ फोर्सच्या वरचा वारा आणि ४ मीटरपेक्षा उंच लाटा सोसेल असं धरून केलंय. ते कारखान्यातून निघताना. २० वर्षांच्या तारांना तो शिक्का माहीत नसतो.

शिडवाला३६
आत्ता बिल्ज पुसून बघितला. मागच्या टोकाशी चिरा नाहीत, कीलच्या सगळ्या वॉशरभोवती कोरडं, एकाला थोडा तांबूस डाग. फोटो रात्री टाकतो, नेट चालत नाहीये नीट. खरेदीदारांशी बोललो, वाळूचंही सांगितलं. ते जरा गप्प झाले, मग त्यांनीच सांगितलं की खरी धास्ती रिगिंगची आहे, ओलाव्याचा मुद्दा सर्वेयरने ठळक अक्षरात लिहिला म्हणून त्यांनी तोच पुढे केला. बाईंना मुलं घेऊन लांब जायचंय, त्या म्हणाल्या डोलकाठीच्या जिवावर सगळं आहे.
ठरलं असं: सीकॉक सगळे मी बदलतो. रिगिंग आणि सेलड्राइव्ह सीलचं कोटेशन ते आणतील, त्यातला मोठा वाटा किमतीतून वजा. कीलच्या जोडाला सर्वेयर परत येऊन आतून बघेल, मग सीलंट. ओलाव्यासाठी वेगळे पैसे नाहीत, पण पाच जागी रंग खरडून आठवड्याने परत मोजायचं, फार वर निघालं तर परत बोलू. उद्याची मुदत त्यांनी वाढवली. खरडण्याचं काम मीच करतोय, कोणत्या जागा घेऊ?

खारेवारे
रिगिंगचा मोठा वाटा वजा म्हणजे जास्तच दिलंत असं मला वाटतं, अर्ध्यावर थांबायला हवं होतं, जुन्या बोटीची किंमत जुन्या ताराच धरून असते. पण तुम्हाला पटलंय तर ठीक.

दोन_मुलांची_आई
मला तर बरोबर वाटलं. गॅसचं बघितलं का?

निवांत
जागा: दोन्ही बाजूंना एकेक मधोमध, एक पुढच्या टोकाजवळ, एक सुकाणूच्या थोडं पुढे, एक कीलच्या मुळाजवळ पण जोडापासून हातभर लांब, नाहीतर आत लोखंड किंवा पाण्याची टाकी असेल तर मीटर भलतंच दाखवतो. आत काय आहे ते आधी बघून घ्या. हाताएवढे चौकोन पुरे. धारदार पण गोल कडांची पट्टी घ्या, सँडर नको, जेलकोट जाईल. तांब्याच्या रंगाची धूळ विषारी असते, मास्क लावा आणि खाली प्लास्टिक अंथरा. मग गोड्या पाण्याने दोनतीनदा धुवा आणि पाऊस किंवा दव लागणार नाही असं झाका, पण ताडपत्री हलला चिकटू देऊ नका. चौकोनांना पेन्सिलने नंबर घाला, सर्वेयरला प्रत्येक नंबरसमोर आकडा लिहायला सांगा, आणि वॉटरलाइनच्या वरचे दोन आकडेही त्याच वेळी.